हिरडीतून येणारे रक्त

आषाढ सरता सरता आमचे सर्व कुटुंब आठ-पंधरा दिवसांकरिता चिखलदऱ्यास जाते, हा परिपाठ वडिलांच्या वेळेपासूनचा आहे. अमरावतीहून परतवाडा, आणि तेथून घाट चढून सुमारे 1100 मीटर उंचीवर गेले की वऱ्हाडची काळी माती, कापूस आणि उकाडा ही तिन्ही मागे राहतात व मनुष्य धुक्यात शिरतो. कीचकास मारून भीमाने ज्या दरीत लोटले ती ही कीचकदरा, आणि मग हात धुतले ते भीमकुंड, ही कथा आमच्या घरातील मुलांस तोंडपाठ आहे. त्यांचे खरे लक्ष मात्र कथेकडे नसून कणसाकडे असते. पावसाळ्यात येथे प्रत्येक कड्यापाशी कोणी ना कोणी निखाऱ्यांची शेगडी घेऊन बसलेला असतो आणि मक्याचे कणीस भाजून, त्यावर लिंबू, तिखट व मीठ चोळून हाती देतो.

गेल्या वर्षी अशीच आम्ही अकरा माणसे भीमकुंडापाशी कणसे घेऊन उभी होतो. माझे थोरले बंधू, ज्यांस घरात लहानथोर सर्वजण दादा म्हणतात, ते कणीस हातात नुसते फिरवीत राहिले आणि मग त्यांनी खिशातून चाकू काढून दाणे सोलावयास आरंभ केला. थोरल्या वहिनींनी "मला नको, आज माझा उपास आहे," असे म्हणून आपले कणीस नातवाच्या हाती दिले. नातू आठ वर्षांचा, पण पंचांगात पक्का. तो म्हणाला, "आजी, एकादशी तर परवाच झाली!" सर्वजण हसले. वहिनीही हसल्या, पण पदर तोंडाशी नेऊन. इतक्यात त्यांच्या धाकट्या सूनबाईने दोन घास खाऊन खाली धरलेल्या कणसावर मला रक्ताचा तांबूस माग दिसला. तिला पाचवा महिना लागला होता. मी विचारले तेव्हा ती सहजपणे म्हणाली, "काका, हे तर रोजचेच आहे. दात घासतानाही येते. या दिवसांत असे होतेच, असे आई म्हणाल्या."

मी चाळीस वर्षे वैद्यकी केली. दादांचा मधुमेह चौदा वर्षांचा, आणि त्यांची साखर मी दर तीन महिन्यांनी पाहत आलो. त्यांच्या पायांची बोटे तपासली, डोळे तपासविले, मूत्रपिंडाच्या चाचण्या करविल्या. या चौदा वर्षांत "दादा, जरा तोंड उघडा," असे मात्र मी एकदाही म्हटले नव्हते. जीभ पाहणे हा आम्हा वैद्यांचा धर्म. जिभेच्या दोन्ही बाजूंस काय चालले आहे ते पाहणे हा दुसऱ्याचा प्रांत, अशी आमची समजूत.

त्या रात्री बंगल्यात जेवणे झाल्यावर विजेरी घेऊन मी एकेकास खुर्चीवर बसविले. मुलांस ही मोठी मौज वाटली. मोठ्यांस तितकीशी नाही. दादांचे खालचे पुढील दोन दात बोटाने हलत होते, हिरडी मागे सरून दातांची मुळे उघडी पडली होती आणि दाबताच पू दिसला. "किती दिवसांपासून?" म्हणून विचारले, तर "वय झाले आता," एवढेच उत्तर मिळाले. वहिनींच्या सात दाढा गेलेल्या होत्या. त्या केव्हा गेल्या, कोणी काढल्या, हे घरात कोणास ठाऊक नव्हते. उरलेले दात मशेरीने काळवंडलेले, आणि डाव्या गालाच्या आतल्या अंगास, जेथे मशेरी धरून ठेवण्याची सवय तेथे, एक पांढरा खरबरीत चट्टा. सूनबाईच्या हिरड्या तांबड्या आणि फुगीर, परंतु दात घट्ट होते.

तीन माणसे, आणि तिघांची तीन समाधाने: वय झाले, उपास आहे, या दिवसांत असे होतेच.

आता रोगाची हकीकत सांगतो. दात स्वच्छ घासल्यानंतर काही तासांतच त्यांवर एक पातळ, चिकट, बिनरंगी थर बसू लागतो. हा थर अन्नाचा नव्हे, सूक्ष्म जंतूंचा असतो. हॉलंडातील डेल्फ्ट गावी लेव्हेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता; त्याने 1683 साली आपल्याच दातांवरील पांढरी साय खरवडून भिंगाखाली धरली तेव्हा तीत वळवळणारे असंख्य जीव पाहून तो थक्क झाला. हा थर रोजच्या रोज निघाला नाही तर लाळेतील क्षार त्यात मुरून तो दगडासारखा घट्ट होतो. त्यासच आपण कीटण म्हणतो. कीटण ब्रशाने निघत नाही, बोटाने तर नाहीच. आणि त्याच्या खडबडीत पाठीवर जंतूंचा नवा थर अधिकच सुखाने नांदतो. हिरडी त्याच्याशी झगडू लागते, झगड्याच्या जागी रक्त अधिक धावते, हिरडी सुजते, आणि ब्रशाचा किंवा कणसाचा धक्का लागताच ते रक्त बाहेर दिसते.

येथपर्यंतचा मार्ग परतीचा आहे. डेन्मार्कातील ऑर्हुस येथे 1965 साली हाराल्ड ल्यो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांस दात घासणे सर्वस्वी बंद करावयास लावले. दहा ते एकवीस दिवसांच्या आत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांस पुन्हा दात घासू दिले, आणि थोड्याच दिवसांत हिरड्या पूर्ववत झाल्या. प्रयोग एवढाच, परंतु त्याने मोठा वाद मिटविला. हिरडीचा दाह हा रक्त बिघडल्यामुळे, उष्णतेमुळे किंवा वयामुळे आरंभ होत नसून दातांवर साचलेल्या जंतूंमुळे होतो, हे त्याने उघड केले.

हीच स्थिती वर्षानुवर्षे चालू राहिली तर कित्येकांच्या बाबतीत दाह खाली उतरतो. दात आणि हिरडी यांच्यामध्ये जी बारीक खोबण असते ती निरोगी तोंडात फार तर तीन मिलिमीटर खोल असते. ती पाच, सात, दहा मिलिमीटर होते. तिच्यात ब्रश पोहोचत नाही, जंतू मात्र पोहोचतात. आणि ज्या हाडात दात रोवलेला आहे ते हाड झिजू लागते. एकदा गेलेले हाड फारच थोड्या प्रसंगी आणि थोडेसेच भरून येते. यासच आपल्या आजोबांच्या पिढीपासून पायोरिया म्हणण्याची चाल पडली. या सर्व काळात दुखणे असे काही नसते. कीड लागलेली दाढ मनुष्यास रात्री उठवून बसविते. हिरडीचा रोग त्यास शांतपणे झोपू देतो. मशेरी किंवा तंबाखू ज्या ठिकाणी धरतात तेथील हिरडी तर मागे सरतेच. शिवाय बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतील रक्तवाहिन्या आकसत असल्यामुळे रोग असूनही रक्त कमी येते. म्हणजे जो एक इशारा मिळावयाचा तोही गेला.

आपल्या पूर्वजांनी हे पाहिले नव्हते असे नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दंतमूलांचे पंधरा रोग सांगितले आहेत. हिरडीतून अकस्मात रक्त येणे, तिला दुर्गंधी येणे व ती मऊ पडणे यास शीताद असे नाव आहे. पू व रक्त वाहून दात हलू लागणे यास दंतवेष्ट. याच मालिकेत वैदर्भ नावाचाही एक रोग आहे. वऱ्हाडच्या वाचकांनी नावावरून रागावू नये! हिरडी घासली गेल्याने तिला मोठी सूज येते आणि दात हलू लागतात, असे त्याचे वर्णन आहे. राखुंडी, विटकरीची पूड, कोळसा आणि मशेरी यांनी तर्जनीच्या जोरावर हिरड्या घासणारी आपली कित्येक घरे पाहिली म्हणजे हे नाव अगदीच वाया गेले असे वाटत नाही. मशेरीविषयी आणखी एक सांगावयाचे म्हणजे, तंबाखू घातलेली दंतमंजने बनविण्यास सरकारने 1992 सालीच बंदी केली. परंतु वहिनींची मशेरी काही दुकानातून येत नाही. ती आमच्याच स्वयंपाकघरात, आमच्याच तव्यावर भाजली जाते, आणि घरातील आम्ही सर्व शिकलेली मंडळी तो वास ओळखून गप्प बसतो.

दादांचे "वय झाले" हे उत्तर मात्र सहज सोडून देण्यासारखे नाही, कारण ते बहुतेक घरांचे उत्तर आहे. याच ल्योने आणि त्याच्या मंडळींनी श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांतील 480 मजुरांस 1970 पासून 1985 पर्यंत वेळोवेळी तपासले. हे मजूर दात घासण्याची पद्धत पाळीत नव्हते आणि दंतवैद्य त्यांनी पाहिला नव्हता. सर्वांच्या दातांवर कीटण आणि सर्वांच्या हिरड्यांस सूज. तरीसुद्धा शंभरांतील आठांची दातांखालची हाडे झपाट्याने गेली, एक्याऐंशी जणांची मध्यम गतीने, आणि अकरा जणांचा रोग हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. वय सर्वांचे सारखेच वाढत होते. तेव्हा दात वयाने जातात हे म्हणणे टिकत नाही. ते रोगाने जातात, आणि रोगाची गती प्रत्येकाच्या प्रकृतीनुसार निराळी असते. आमचे एक नातलग नव्वदाव्या वर्षी ऊस सोलून खात आणि दात घासण्याच्या नादी फारसे लागत नसत. असा एक म्हातारा प्रत्येक घराण्यात असतो आणि त्याचा दाखला देऊन पुढील दोन पिढ्या आपले दात घालवितात.

दुसरा एक दाखला त्या बंगल्यातच मिळाला. बंगल्याचा राखणदार कोरकू. दादा म्हणाले, "पहा, रानातल्या माणसांचे दात कसे शुभ्र! ना ब्रश, ना पेस्ट." राखणदार हसला तेव्हा समोरचे दात खरोखरच शुभ्र दिसले, तो करंजाच्या काडीने रोज दात घासतो. मी त्यास तोंड उघडावयास विनविले. मागच्या दाढा दोन्ही बाजूंस गेलेल्या, आणि तेथे चुना लावलेल्या तंबाखूची गोळी. वय विचारता पन्नाशीच्या आतबाहेर. काडी पुढच्या दातांस चांगली पोहोचते, मागे पोहोचत नाही, आणि तंबाखू सर्वत्र पोहोचते. मेळघाटातील माणसांस अन्न, प्रसूती आणि मुलांची मरणे यांचीच चिंता इतकी मोठी आहे की दातांकडे पाहण्यास सवड कोणास? त्यांच्या दातांच्या गोडव्यावर आपण शहरात बसून लेख लिहावेत हे मला तरी बरे वाटत नाही.

आता हिरडी आणि बाकीचे शरीर यांच्या संबंधाकडे वळतो. येथे मला आमच्या आईची गोष्ट सांगितली पाहिजे.

विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश वैद्याने तोंडातील पू हे शरीरातील अनेक व्याधींचे मूळ आहे असे मत मांडिले. 1910 साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात त्याने दिलेल्या व्याख्यानाने तर दंतवैद्यांत मोठी खळबळ उडाली. हा विचार सर्वस्वी चुकीचा नव्हता. परंतु पुढे त्याचे वेड झाले. संधिवात झाला, काढा दात. पोट बिघडले, काढा दात. अमेरिकेत ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याने वेडेपणावर उपाय म्हणून शेकडो रोग्यांचे दात उपटले. तेवढ्याने भागेना तेव्हा टॉन्सिल आणि आतडीही काढली, आणि त्यात कित्येक माणसे दगावली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लाट पश्चिमेत ओसरली. आमच्याकडे मात्र लाटा उशिरा येतात आणि उशिराच जातात. 1960 नंतरची गोष्ट. आईचे गुडघे दुखत असत. कोणा एका नाणावलेल्या डॉक्टरने सांगितले, दातांत विष आहे. आठवड्याभरात आईचे सर्व दात काढण्यात आले. त्यांतील निम्म्याहून अधिक घट्ट होते, हे ती पुढे वारंवार सांगे. गुडघे दुखतच राहिले. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापासून मरेपर्यंत आईने भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, आणि तिची नीट न बसणारी कवळी स्वयंपाकघराच्या कोनाड्यात एका पितळी वाटीत पडून राहिली. तेव्हा दातांचा आणि साऱ्या शरीराचा संबंध आहे असे कोणी म्हणू लागला की माझे कान टवकारतात. तो संबंध किती आणि कसला, हे नीट तोलून घेतले पाहिजे.

पुढे 1989 साली फिनलंडमधून एक शोधनिबंध आला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले शंभर रोगी आणि तसे न झालेली एकशे दोन माणसे यांची तुलना केली, तेव्हा झटका आलेल्यांची तोंडे अधिक रोगट आढळली. तेव्हापासून शेकडो तपासण्या झाल्या. संबंध पुन्हा पुन्हा दिसतो. परंतु जो तंबाखू ओढतो, ज्यास मधुमेह आहे, ज्याच्या घरी दारिद्र्य आहे, त्याचे हृदयही बिघडते आणि हिरड्याही. हे वजा केले तरी काही संबंध उरतो, मात्र हिरडीवर उपचार केल्याने हृदयविकार टळतो याचा पुरावा हाती नाही, असा निर्वाळा अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2012 साली दिला. म्हणून छातीत दुखू लागले असता दंतवैद्याकडे धावू नये, आणि दात साफ केले म्हणून रक्तदाबाची गोळी सोडू नये.

मधुमेहाची गोष्ट निराळी. येथे पुरावा बळकट आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी चालतो. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात पिमा नावाची मूळ रहिवाशांची जमात आहे. तिच्यात मधुमेहाचे प्रमाण फार मोठे, म्हणून तिची दीर्घकाळ तपासणी झाली. मधुमेही पिमांत हिरडीचा रोग इतरांच्या अडीच पटींहून अधिक प्रमाणात नव्याने उद्भवला. उलट, ज्या मधुमेही पिमांस हिरडीचा रोग मूळचाच तीव्र होता त्यांची साखर पुढे अधिक बिघडली. हृदयविकार आणि मूत्रपिंडाचा विकार यांनी त्यांस येणारे मरणही इतरांच्या सुमारे तिपटीने अधिक आढळले. कारण समजण्यास कठीण नाही. तीव्र रोगात सर्व दातांभोवतीच्या खोबणींचा पृष्ठभाग मिळून 8 ते 20 चौरस सेंटिमीटरांची उघडी जखम होते, असा एक हिशेब आहे. एवढी जखम पायावर असती तर घरात कोणास झोप आली नसती. दाहामुळे रक्तात जी द्रव्ये फिरू लागतात ती इन्सुलिनचे काम अडवितात, आणि वाढलेली साखर हिरडीची दुरुस्ती अडविते. असे हे रहाटगाडगे.

मग हिरडी सुधारली असता साखर उतरते काय? या प्रश्नावरील पस्तीस प्रयोगांची छाननी 2022 साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी रक्ताची चाचणी मधुमेह्यांच्या घरी आता सर्वांस माहीत आहे, तीत दातांच्या मुळांची नीट सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांनी सुमारे 0.43 टक्क्याची घट आढळली. वाचकांस हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु नवी गोळी चालू करून आम्ही कित्येकदा याहून फार मोठी अपेक्षा करीत नाही, आणि मी दादांस चौदा वर्षांत तीन वेळा गोळी वाढवून दिली होती. भारतात मधुमेहाचे रोगी दहा कोटींच्या वर गेले असे 2023 सालच्या पाहणीत आढळले. एकत्र कुटुंबात असा एकही रोगी नाही असे घर आता शोधावेच लागेल.

सूनबाईच्या बाबतीत मी घरच्या बायकांस स्पष्ट सांगितले की, गर्भ आईच्या दातांतील चुना ओढून घेतो ही समजूत खोटी आहे. दातातून चुना असा निघत नाही. गरोदरपणातील फेरफारांमुळे हिरडी जंतूंच्या थराविरुद्ध अधिक जोराने सुजते एवढेच खरे, आणि ती सूज सफाईने उतरते. हिरडीच्या रोगाने मूल अकाली जन्मते काय, याविषयी बराच गवगवा झाला होता. अमेरिकेत 823 गरोदर स्त्रियांवर याची परीक्षा होऊन 2006 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: उपचाराने अकाली प्रसूतीचे प्रमाण लक्षात घेण्याजोगे कमी झाले नाही, मात्र उपचारापासून आई वा बाळ यांस काही अपायही झाला नाही. म्हणजे बाळासाठी भिऊन नव्हे, आईच्या स्वतःच्या दातांसाठी उपचार करावा. आईचे स्वतःचे म्हणून काही कारण असू शकते, हे आमच्या घरात पटविण्यास थोडा वेळ लागला.

घरातील म्हाताऱ्या माणसांविषयी जपानने फार विचार केला आहे. तेथे 1989 पासून, ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात राखावे, अशी चळवळ आहे. वीस दात असले म्हणजे बहुतेक सर्व अन्न चावता येते हा त्यातील हिशेब. तेथील अकरा वृद्धाश्रमांत दोन वर्षे एका गटाचे तोंड जेवणानंतर दुसऱ्याच्या हाताने स्वच्छ केले गेले. 1999 सालच्या अहवालाप्रमाणे त्या गटात शेकडा 11 जणांस न्यूमोनिया झाला, इतरांत शेकडा 19 जणांस. तोंडातील जंतू झोपेत लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात हे त्याचे कारण. कवळी घालूनच झोपणाऱ्या वृद्धांत न्यूमोनिया दुपटीहून अधिक आढळतो, असेही तेथेच 2015 साली दिसून आले. म्हणून रात्री कवळी काढून, घासून, पाण्यात ठेवावी. आमच्या आईची वाटी तेवढ्यापुरती बरोबर होती.

कवळीवरून आठवले. चिखलदऱ्याहून समोर दिसतो तो गाविलगड ऑर्थर वेलस्ली याने 15 डिसेंबर 1803 रोजी घेतला. हाच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि 1815 साली वॉटर्लूला लढला. त्या रणांगणावर पडलेल्या तरुण शिपायांचे दात उपटून विकले गेले आणि युरोपातील श्रीमंतांच्या कवळ्यांत बसविले गेले. चावण्याची गरज मनुष्यास किती लाजिरवाणी कृत्ये करावयास लावते!

आमच्या घरी कोणी काही लाजिरवाणे केले नव्हते. फक्त लपविले होते. वहिनींनी गेल्या दोन-तीन वर्षांत ज्वारीची भाकरी सोडली होती. शेंगदाणे, कच्चा कांदा, काकडी, पेरू, मोड आलेली कडधान्ये ही एकेक करून त्यांच्या पानातून गेली. उरला वरणभात आणि दूधपोळी. बायका मागाहून जेवतात, त्यामुळे कोणाच्या पानात काय आहे हे कोण पाहतो? त्यांचे वजन उतरले तेव्हा मी रक्तवर्धक औषध लिहून दिले होते.

चिखलदऱ्याहून उतरल्यावर आम्ही तिघांस अमरावतीस दंतवैद्याकडे नेले. अमरावतीस आणि अकोल्यास दंतवैद्यकाची महाविद्यालये आहेत. तेथे अशा उपचारास फार खर्च येत नाही. सफाईने दात सैल होतात ही भीती दादांनी वाटेतच बोलून दाखविली. खरे असे की, रोगाने सैल झालेल्या दातांस कित्येकदा कीटणाचाच टेकू असतो. तो निघाला की मूळची सैलता उघड होते आणि दोष हत्यारास येतो. हिरडी आवळली की बहुतेक दात पुष्कळ घट्ट होतात. दादांच्या दोन दातांपैकी एक वाचला, एक गेला. त्यांची साखर 9.1 वरून चार महिन्यांनी 8.3 वर आली. त्याच काळात त्यांनी संध्याकाळचे फिरणेही वाढविले होते, तेव्हा सर्व श्रेय हिरडीस देता येत नाही. सूनबाईच्या हिरड्या तीन आठवड्यांत बऱ्या झाल्या आणि मुलगी वेळेवर झाली.

वहिनींच्या चट्ट्याने आम्हांस दहा दिवस धास्तीत ठेविले. त्याचा तुकडा काढून तपासणीस धाडला होता. कर्करोग नाही असे उत्तर आले, परंतु मशेरी चालू राहिली तर पुढची हमी नाही, असेही सांगण्यात आले. ज्या घरात असा पांढरा किंवा तांबडा चट्टा पंधरा दिवसांत जात नाही तेथे आवळा, तुरटी, लवंगतेल यांवर वेळ घालवू नये. आवळा उत्तमच, मेळघाटात तो विपुल आहे, आणि क जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारे हिरडीचे रक्त त्याने थांबते. मात्र तो कीटण काढीत नाही.

दात कसे घासावेत हे येथे विस्ताराने सांगत नाही. मऊ ब्रश, हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरपा धरून, हलक्या हाताने, सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी. दोहोंतील एकच करणे शक्य असेल तर रात्री. दातांच्या फटींत बारीक ब्रश किंवा दोरा. टाचणी आणि आगपेटीची काडी नको. एकादशी, अमावास्या अशा दिवशी शास्त्राने दंतकाष्ठ वर्ज्य सांगून त्याऐवजी बारा चुळा भरण्यास सांगितले आहे, या आधारावर वहिनी त्या दिवशी ब्रशही धरीत नसत. मी म्हटले, "वहिनी, वर्ज्य आहे ते काष्ठ. ब्रश काही झाडाची काडी नव्हे." त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही वकील व्हावयाचे, डॉक्टर कशाला झालात?" मात्र ब्रश धरू लागल्या. मशेरी दिवसातून चार वेळांची एक वेळेवर आली आहे. ती एक वेळ कोणती ते आम्हां सर्वांस माहीत आहे आणि आता आम्ही गप्प बसत नाही.

यंदाच्या आषाढात पुन्हा भीमकुंडापाशी गेलो. दादांनी चाकू घरीच विसरला असे सांगून कणीस थेट दातांनी खाल्ले. हलक्या झालेल्या दातांना एवढा जोर देऊ नये असे मी त्यांस बजावले, त्यांनी ते ऐकले नाही. वहिनींची अर्धी कवळी आता नीट बसली असून घरी त्या भाकरी खातात. कणीस मात्र त्यांनी घेतले नाही. नातवाने पंचांग पाहून खात्री करून घेतली. त्या दिवशी खरोखरच एकादशी होती.